ली

मिरचीच्या गोदामावर माझा इंग्रजीचा क्लास.
हिवाळाभर खाली पोती आपटतात
आणि वर प्रत्येक वाक्याच्या मध्ये कुणीतरी शिंकतं.
नंदुरबारात या दिवसांत
पूर्णविराम कुणाला धड देता येत नाही.

ज्योत्स्ना भोई सगळ्यांत मागं बसते,
ड्यूटीचा निळा कोट घडी करून मांडीवर.
तिनं अर्ज लिहून आणला, सुरतेच्या दवाखान्यासाठी:
सहा वर्षं मी हार्डली काम केलं आहे.
मी लाल पेन उघडलं.
म्हटलं, बाई, हार्ड म्हणजे कंबर मोडेस्तोवर,
हार्डली म्हणजे केल्यासारखं, न केल्यासारखं.
हे वाचून तुला दारातूनच परत पाठवतील.

ती म्हणाली, पण सर, मी बाई आहे ना,
म्हणून ली लावलं.
आली, गेली, उठली, राबली.
गडी असते तर नुसतं हार्ड लिहिलं असतं.

वर्ग हसला. गिरधर शिंपी बाकावरून घसरला.
मीही हसलो, मग थांबलो,
कारण तिसरीत कधीतरी
छडीच्या धाकानं तिच्या ‘उनी’चं ‘आली’ झालं असणार.
घरात उनी, शाळेत आली.
ली म्हणजे शुद्ध, ली म्हणजे पहिल्या बाकावर जागा,
एवढं तिनं जन्मभर जपलं,
आणि आता दुसरीच भाषा म्हणते,
ही शेपटी लावलीस तर
सहा वर्षांच्या रात्रपाळ्या पुसल्या गेल्या.

मी समजावलं. नीट नाही, जमेल तसं:
निअर म्हणजे पथारीच्या काठाशी उभं राहणं,
निअरली म्हणजे वाळत्या मिरच्यांवर
पाय पडता पडता राहणं.
लेट म्हणजे भुसावळची पॅसेंजर.
लेटली म्हणजे हल्ली, अलीकडे, एवढ्यात.
कुठं ली लागली की शब्द थोडासा सरकतो,
कुठं बिऱ्हाडच हलवतो,
आणि फास्टला तर ती चिकटतच नाही.
मग नियम काय, तिनं विचारलं.
नियम नाही. दर वेळी त्या त्या शब्दाला विचारायचं.
हे ऐकून गिरधरनं वही मिटली.

अर्जाच्या दुसऱ्या पानावर वडलांचं नाव:
निंबा दगा भोई, लेटली.
पेन टेकवलंच होतं.
इथं ली काढ, शब्द नावाच्या आधी घे,
असं म्हणणार, तेवढ्यात ती म्हणाली,
हे तरी बरोबर असेल ना सर?
दिवाळीनंतरच वारले.

मी टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

सगळे चपला शोधत होते तेव्हा
तिनं दारातून वळून विचारलं,
अजूनला काय म्हणायचं?
कुठला अजून, मी म्हटलं, खडू उचलून.
अजून थोडी भाजी वाढ, तो मोअर.
अजून थंडी आहे, तो स्टिल.
अजून आला नाही, तो येट.
येटमध्ये वाट बघणं असतं,
म्हणजे येणारा निघालेला असतो,
फक्त पोचायचा असतो.

ती फळ्याकडं बघत नव्हती.
माय रोज दिवेलागणीला ओट्यावर बसते, म्हणाली,
रस्त्यावरची सायकल दिसली की म्हणते,
आजून उना नई तुन्हा बाप.
तो कुठला?

खाली हमालांनी शेवटचं पोतं टाकलं.
जिन्यातले सगळे शिंकले, मीसुद्धा.
उद्या सांगतो, मी म्हणालो.
उद्या रविवार होता,
आणि तिला ते माहीत होतं.